मानेतली गाठ, मेणाचा ठोकळा आणि दोन हप्त्यांत आलेलं उत्तर

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो. हे प्रकरण माझ्याच एका पेशंटच्या लिम्फोमाचं, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचं आहे. लिहिण्याआधी घरच्यांची परवानगी घेतली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आजाराचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. पेशंटला मी काकाजी म्हणायचो, इथेही तेच म्हणतो.

पार्श्वभूमी

काकाजी ५६ वर्षांचे कास्तकार. सहा एकर कोरडवाहू वावर, त्यात कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. घरी बायको आणि चोवीस वर्षांचा मुलगा, तर मुलगी नागपूरला दिलेली. गावातून तालुक्याला यायला पाऊण तास आणि तिथून नागपूरला एसटीने साडेतीन तास लागतात. पुढचे बरेच निर्णय या अंतरानेच ठरवले.

जुलैत, डवरणीच्या दिवसांत, मानेच्या डाव्या बाजूला बोराएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून महिनाभर कोणी लक्ष दिलं नाही. ऑगस्टमध्ये ती लिंबाएवढी झाली आणि संध्याकाळी कणकण येऊ लागली. आमच्याकडे मानेतल्या गाठीला आजही गंडमाळ म्हणतात, आणि गंडमाळ म्हणजे टीबी हे घराघरात पक्कं आहे. डॉक्टरांच्या डोक्यातही ते पक्कंच असतं, आणि ते चुकीचंही नाही. इथे मानेच्या गाठी घेऊन येणाऱ्यांत टीबीचे पेशंट खरोखर पुष्कळ असतात.

सुईने पाणी काढून तपासणी झाली. रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट पेशी दिसल्या आणि खाली एक ओळ होती: क्षयरोगाची शक्यता नाकारता येत नाही. तेवढ्यावर टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. सुईतून निघालेल्या द्रवाची सीबीनॅट तपासणी झाली नाही. ही तपासणी सरकारी व्यवस्थेत मोफत होते आणि टीबीच्या जंतूचं जनुकीय द्रव्य दोन तासांत शोधते.

दरम्यान गावाजवळच्या एकाने त्यांना दोन-तीन वेळा 'ताकदीचं' इंजेक्शन दिलं. ते स्टेरॉइड असावं. आठवड्याभरात गाठ अर्ध्यावर आली, भूक वाढली. काकीने मला नंतर सांगितलं, "गाठ लहान झालती नं जी. आमाले वाटलं, गोया लागू पडल्या." पण स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठही काही दिवस वितळते. मग ती परत येते आणि वाढत जाते.

ऑक्टोबरच्या मध्यावर, सोयाबीनची सोंगणी सुरू असताना, मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. वजन ६१ वरून ५२ किलोवर आलं होतं. रात्री अंथरूण भिजेल इतका घाम यायचा. मानेत दोन्हीकडे आणि काखेत गाठी होत्या, प्लीहा हाताला लागत होती. दीड महिना टीबीच्या गोळ्या घेऊनही गाठी वाढत होत्या.

अडचण कुठे सुरू झाली

गाठ पूर्ण काढून तपासायची, हे ठरवायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. चूक त्यापुढे झाली आणि तिच्यात माझा वाटा आहे.

शस्त्रक्रिया दिवाळीच्या दोन दिवस आधी झाली. गाठ एका लहान बाटलीत, जेमतेम बुडेल इतक्या फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊतक टिकवणाऱ्या द्रवात, टाकली गेली. ते फॉर्मॅलिन बफर केलेलं (आम्लता आटोक्यात ठेवलेलं) नव्हतं, कॅनमधलं पाणी घालून पातळ केलेलं होतं. सुट्यांमुळे कुरियर बंद. बाटली सहा दिवस कपाटात राहिली आणि मग नागपूरच्या लॅबमध्ये पोहोचली. शस्त्रक्रिया मी केली नव्हती, पण पेशंट माझा होता. बाटली कधी निघाली हे विचारणं माझं काम होतं आणि मी ते विचारलं नाही.

ऊतकाच्या नेहमीच्या तपासणीला एवढ्याने फारसं बिघडत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखता येतात. जनुकांच्या तपासणीची गोष्ट वेगळी आहे. त्यासाठी ऊतक दहापट आकारमानाच्या, बफर केलेल्या १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवावं लागतं. ते साधारण ६ ते ७२ तासच ठेवायचं आणि मग मेणाच्या ठोकळ्यात बसवायचं. आम्लयुक्त फॉर्मॅलिनमध्ये दिवसेंदिवस पडलेल्या ऊतकातल्या डीएनएचे तुकडे पडतात.

रिपोर्ट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला: डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा, म्हणजे लिम्फोमाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. प्रथिनांच्या रंगतपासणीत सीडी१० आणि बीसीएल६ पॉझिटिव्ह, एमयूएम१ निगेटिव्ह. या तीन खुणांवरून पेशी 'जर्मिनल सेंटर' वंशाच्या ठरल्या, म्हणजे गाठीतल्या बी पेशी जिथे वाढतात त्या भागातल्या. मिक प्रथिन ६० टक्के पेशींत, बीसीएल२ ८० टक्के, आणि पेशी किती वाढत आहेत ते दाखवणारं केआय-६७ ९० टक्के. शेवटी पॅथॉलॉजिस्टने लिहिलं होतं: फिश तपासणी (जनुक जागेवरून तुटलं आहे का ते पाहणारी) करावी.

जर्मिनल सेंटर वंशाचे लिम्फोमा एकूणात बरे वागतात हे मी शिकलो होतो. त्याच संध्याकाळी मुलाला म्हणालो, "त्यातल्या त्यात बरा प्रकार आहे." ते वाक्य मला तीन आठवड्यांनी मागे घ्यावं लागलं. मिक आणि बीसीएल२ दोन्ही इतके जास्त आणि पेशींची वाढ ९० टक्के असताना मी थांबायला हवं होतं, कारण या आजाराची सगळ्यात वाईट पोटजात याच 'बऱ्या' वंशात दडलेली असते.

जनुकांचा आणि जगण्याचा संबंध

हा भाग मी मुलाला ज्या शब्दांत समजावला त्याच शब्दांत लिहितो.

जनुकांमधले बिघाड दोन तऱ्हेचे असतात. एकात जनुक जागा बदलतं. आठव्या गुणसूत्रावरचं मिक पेशीला वाढायला सांगतं, तर अठराव्यावरचं बीसीएल२ पेशीला मरू देत नाही. बी पेशींत अँटिबॉडी बनवणारी जनुकं चोवीस तास चालू असतात. मिक तुटून त्यांच्या शेजारी जाऊन बसलं की तेही बंद होत नाही. बीसीएल२ही तसंच सरकलं, तर पेशी थांबायचंही विसरते आणि मरायचंही. याला डबल हिट म्हणतात. हा बिघाड फिश तपासणीत दिसतो. त्यात जनुकाच्या दोन टोकांना चमकणारे वेगवेगळे रंग लावतात. रंग एकत्र दिसले तर जनुक जागेवर आहे, लांब गेले तर तुटलं आहे.

दुसऱ्या तऱ्हेत जनुक जागेवरच राहतं, पण आतलं एखादं अक्षर बदलतं. हे म्युटेशन. लिम्फोमात जगण्याशी सगळ्यात ठळक संबंध असलेलं म्युटेशन टीपी५३ या जनुकातलं आहे. हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असतं. त्यातून बनणारं पी५३ प्रथिन डीएनएवर लक्ष ठेवतं आणि डीएनए फार तुटला तर पेशीला स्वतःहून मरायला लावतं. इथेच केमोशी गाठ पडते. सायक्लोफॉस्फामाइड आणि डॉक्सोरुबिसिन ही औषधं डीएनए तोडतात, पण पेशी मारण्याचं काम बऱ्याच अंशी पी५३ करतं. पी५३ बिघडलेलं असेल तर डीएनए तुटतो आणि पेशी तरीही विभाजित होत राहते. या लिम्फोमात साधारण पाचातल्या एका पेशंटमध्ये हे म्युटेशन असतं. अशांचं आयुष्य आर-चॉप या नेहमीच्या उपचारावर (रिटुक्सिमॅब, केमोची तीन औषधं आणि स्टेरॉइड) इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी निघतं.

आर-चॉपने या लिम्फोमाचे साधारण ६० टक्के पेशंट पूर्ण बरे होतात. बाकीचे का होत नाहीत, याचा मोठा उलगडा २०१८ साली झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या गटाने ५७४ पेशंटच्या गाठींची जनुकं वाचली आणि आजाराचे चार जनुकीय गट पाडले. त्यातल्या मायडी८८ आणि सीडी७९बी म्युटेशनच्या गटाचं, तसंच नॉच१ गटाचं भवितव्य वाईट निघालं. उरलेले दोन गट बरे वागले. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या गाठी आतून इतक्या वेगळ्या असतात.

पण एवढं कळलं म्हणून औषध बदलतंच असं नाही. काकाजींच्या प्रकरणात पुढे हाच मुद्दा सगळ्यात अवघड ठरला.

समोरचे पर्याय

फिशसाठी पाठवलेला ठोकळा नापास झाला. रिपोर्ट एका ओळीचा होता: सिग्नल मिळाला नाही. तोपर्यंत रक्तातलं एलडीएच, आजाराच्या जोराबरोबर वाढणारं एन्झाइम, नेहमीच्या तिप्पट झालं होतं. स्कॅनमध्ये मान, काख, पोट आणि प्लीहा, म्हणजे तिसरी अवस्था. आयपीआय, म्हणजे आजार किती धोक्याचा ते सांगणारा गुणांक, ५ पैकी ३.

एक पर्याय होता की फिशचा नाद सोडून आर-चॉप सुरू करायचं. ते दिवसाभरात देता येतं, महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत बसत होतं, आणि दर तीन आठवड्यांनी एकदाच नागपूरला जावं लागलं असतं. दुसरा पर्याय पुन्हा गाठीचा तुकडा घ्यायचा, फिशचं उत्तर येईपर्यंत थांबायचं आणि मगच उपचार ठरवायचे. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या आजारात दोन आठवडे थांबणं मला धोक्याचं वाटत होतं. मुंबईचाही विषय निघाला. काकाजींनी तो लगेच संपवला: "बंबईले जाऊन रायतो कुठी? कापूस कोण येचन?"

नागपूरच्या कर्करोगतज्ज्ञ मॅडमनी यांतून मधला रस्ता काढला. पहिला डोस द्यायच्या आदल्या दिवशी काखेतल्या गाठीतून सोनोग्राफीखाली जाड सुईने चार तुकडे घेतले. ते ताज्या, बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये टाकून त्याच इमारतीतल्या लॅबला दिले. दुसऱ्या दिवशी आर-चॉप सुरू झालं. आर-चॉपमधल्या स्टेरॉइडचा एकही डोस जाण्याआधी तुकडा घेणं फार महत्त्वाचं होतं, नाहीतर गाठ वितळून तपासायला जिवंत पेशीच उरल्या नसत्या. या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात शहाणपणाचा वाटणारा निर्णय हाच. रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बी तपासलं, ते निगेटिव्ह होतं. हृदयाचा इकोही चांगला आला.

तेराव्या दिवशी फिशचं उत्तर आलं. मिक तुटलेलं, बीसीएल२ तुटलेलं. डबल हिट.

केलेले उपचार

डबल हिटमध्ये साधं आर-चॉप कमी पडतं हा बऱ्याच ठिकाणचा अनुभव आहे. म्हणून अनेक तज्ज्ञ डोस-अॅडजस्टेड आर-इपॉक वापरतात. त्यात हीच औषधं आणि एटोपोसाइड असतं, पण त्यातली काही औषधं सलग ९६ तास सलाईनमधून हळूहळू जातात. त्याचा पुरावा मुख्यतः तुलनेला दुसरा गट न ठेवता केलेल्या अभ्यासांतून आला आहे. सरसकट सगळ्या पेशंटमध्ये आर-चॉपशी थेट तुलना केली तेव्हा इपॉक सरस ठरलं नाही आणि त्रास जास्त झाला. त्या तुलनेत डबल हिटचे पेशंट फार थोडे होते. मॅडमनी हे सगळं मुलासमोर मांडलं, काहीही लपवलं नाही.

या उपचारात दर खेपेला पाच दिवस भरती राहायचं, हातातून मध्यवर्ती शिरेपर्यंत जाणारी नळी सांभाळायची, आठवड्यातून दोनदा रक्त तपासायचं. पांढऱ्या पेशी किती खाली जातात त्यावर पुढच्या खेपेचा डोस ठरतो. फार खाली गेल्या नाहीत तर तो २० टक्क्यांनी वाढवतात. म्हणजे रक्ताचा एक रिपोर्ट हुकला तर डोसच चुकतो.

मुलीचं नागपूरचं दोन खोल्यांचं घर नसतं, तर हे जमलं नसतं. रक्त दर सोमवारी आणि गुरुवारी माझ्या दवाखान्यात काढायचं, रिपोर्ट दुपारपर्यंत व्हॉट्सअॅपवर नागपूरला जायचा. थर्मामीटर घरात ठेवला आणि १००.४ हा आकडा काकीच्या फोनच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहून दिला. त्याच्या वर गेलं की, कितीही वाजले असोत, गाडी करून निघायचं. मेंदूकडे आजार जाऊ नये म्हणून पाठीच्या मणक्यातूनही औषध दिलं गेलं.

तिसऱ्या खेपेनंतर, संक्रांतीच्या सुमारास, काकाजी कापूस मोजायला वावरात गेले. कोणाला न सांगता. दोन दिवसांनी रात्री अकराला ताप आला. काकीने चिकटपट्टी पाहिली आणि शेजारच्याची गाडी मागितली. पांढऱ्या पेशी २०० होत्या. तीन तासांच्या आत अँटिबायोटिक सुरू झालं म्हणून ते वाचले.

दुसरी तपासणी: करायची की नाही

याच सुमारास मुलाला कुणीतरी सांगितलं की जनुकांचं पूर्ण पॅनेल करून घ्या, नेमकं औषध कळेल. खर्च पंचवीस-तीस हजारांच्या घरात. त्यांच्या बाबतीत तो योजनेत बसला नाही. मुलगा माझ्याकडे आला, म्हणाला, "सर, कापसाचे पैसे हायेत. करू का?"

मी त्याला 'कर' म्हणालो नाही आणि 'नको' असंही म्हणालो नाही. आज वाटतं, त्या दिवशी मी दोन प्रश्न मोठ्याने विचारायला हवे होते. उत्तर काहीही आलं तरी चालू औषध बदलणार आहे का? आणि बदलणार नसेल, तर ते उत्तर घेऊन तू काय करशील? पहिल्याचं उत्तर मला माहीत होतं. डबल हिट सापडल्यावर आम्ही आधीच जोरदार उपचारावर होतो आणि टीपी५३ म्युटेशनसाठी वेगळं औषध हाताशी नव्हतं.

रिपोर्ट आला. टीपी५३ मध्ये म्युटेशन होतं. डबल हिट आणि टीपी५३ एकत्र असणं म्हणजे फार कठीण आजार. मॅडम म्हणाल्या, उपचार तेच चालू ठेवू.

मुलगा तो कागद घेऊन आठवडाभर फिरला. आईला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं. एका गुरुवारी रक्त काढून झाल्यावर काकाजींनी मला थेट विचारलं, "डाक्टरसाहेब, पोरगा बोलत नाही मायाशी. तुमी सांगा. जगीन का मी?"

मी खुर्ची जवळ ओढली. त्यांना सांगितलं की औषध लागू पडतंय, गाठी उतरल्या आहेत, पण हा आजार परत यायची भीती नेहमीपेक्षा बरीच जास्त आहे. टक्केवारी त्यांनी विचारली नाही, मीही सांगितली नाही. ते म्हणाले, "मंग वावर पोराच्या नावानं करून टाकतो, कोर्टाची भानगड नको." महिन्याभरात त्यांनी फेरफार करून घेतला, सोसायटीचं कर्जही मिटवलं.

त्या कागदाने एकही औषध बदललं नाही, तरीही तो वाया गेला असं मी म्हणू शकत नाही. मात्र हे बोलणं फिशच्या उत्तरावरच, तीस हजार न घालवता, करता आलं असतं. ते टाळत आलो तो मीच.

परिणाम

सहा खेपा मार्चअखेर संपल्या. पेट स्कॅनमध्ये आजार दिसत नव्हता. एप्रिल आणि मे चांगले गेले. वजन ५८ झालं, मे महिन्यातल्या उन्हातही काकाजी सकाळी लवकर बांधावर फिरून यायचे.

जुलैत पोटातल्या गाठी परत आल्या आणि पुन्हा तुकडा घेऊन ते पक्कं केलं. दुसऱ्या फळीची केमो आणि त्यानंतर स्टेम सेल प्रत्यारोपण हा रस्ता होता, पण इतक्या लवकर उलटलेल्या आजारात त्याचं यश कमी. सीएआर-टी पेशींचा उपचार (पेशंटच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी बदलून त्या आजारावर सोडण्याचा) भारतात २०२३ च्या ऑक्टोबरपासून मंजूर आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल यांच्या कामातून तो उभा राहिला आणि परदेशापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. तरीही खर्च लाखांच्या दोन आकड्यांत जातो. कुटुंबाने वावर विकायचा विषय काढला. काकाजींनी नाही म्हटलं, आणि तो निर्णय त्यांचाच होता.

पुढे घरीच डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या आणि मॉर्फिनच्या गोळ्या चालू ठेवल्या. मॉर्फिन मिळवायला नागपूरच्या दोन चकरा झाल्या, तालुक्यात ते कुठेच नव्हतं. सप्टेंबरमध्ये, पोळ्यानंतर दहा दिवसांनी, ते घरीच वारले. पहिली गाठ लागल्यापासून चौदा महिने.

काय वेगळं करता आलं असतं

ऑगस्टमध्ये सुईच्या द्रवाची सीबीनॅट झाली असती आणि ती निगेटिव्ह आल्यावर गाठ काढली असती, तर दोन महिने वाचले असते. त्याने टीपी५३ बदललं नसतं. पण आयपीआय कदाचित कमी असता, आणि ते पहिल्या केमोला ५२ किलोचे नसते. मानेच्या गाठीवर टीबीची औषधं सुरू करून तीन-चार आठवड्यांत ती वाढली, तर मी आता थांबत नाही. निदानाआधी स्टेरॉइड कोणी दिलं का, हे नाव न विचारता विचारतो. नाव विचारलं की लोक सांगत नाहीत.

फॉर्मॅलिनचं काम सोपं होतं म्हणून ती चूक मनाला जास्त लागते. आता आमच्या शस्त्रक्रियागृहात बफर केलेल्या फॉर्मॅलिनच्या मोठ्या तोंडाच्या बाटल्या आहेत, बाटलीवर तारीख आणि वेळ लिहिली जाते. सणाच्या आधी गाठ काढायची असेल तर नमुना नातेवाइकाच्या हातून त्याच दिवशी नागपूरला जातो. लिम्फोमाची शंका असेल तर विनंतीपत्रावर मी आधीच लिहितो: मिक जास्त निघाल्यास फिशसाठी ठोकळा राखून ठेवावा.

'बरा प्रकार' हे शब्द मी पूर्ण रिपोर्ट हातात येईपर्यंत वापरत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मुलगा फाईल घेऊन आला. लग्न ठरत होतं. म्हणाला, "सर, ते टीपी५३ आमच्यात पण असन का? पोराईत जाईन का?" मी घरातल्या दोन पिढ्यांची माहिती विचारली. कमी वयात कॅन्सर झालेलं कोणी नव्हतं. मग लेटरहेडवर मराठीत लिहून दिलं, बहिणीला दाखवता यावं म्हणून: हा बदल वडिलांच्या गाठीतल्या पेशींमध्ये नंतर तयार झालेला असावा. घरच्या माहितीवरून तो वंशातून आलेला वाटत नाही. मुलांची किंवा होणाऱ्या सुनेची तपासणी करायची गरज नाही. त्याने तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.